कायदेभंगाची कसोटी

कायदा मोडणे कधी क्षम्य ठरते काय, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. ‘कधीच नाही’ हे उत्तर राज्यकर्त्यांना सोयीचे. ‘अन्याय दिसेल तेव्हा’ हे उत्तर तरुण मनाला मोहविणारे. १९२७ सालच्या डिसेंबर महिन्यातील दोन घटना शेजारी ठेवल्या, तर दोन्ही उत्तरे अपुरी वाटू लागतात.

पहिली घटना लखनौकडील. आज जानकीपुरमसारख्या उपनगरांपर्यंत पसरलेल्या या शहराजवळ, काकोरी येथे, ९ ऑगस्ट १९२५ रोजी क्रांतिकारकांनी आगगाडी थांबवून सरकारी खजिना लुटला. खटला लखनौला चालला. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान, राजेंद्रनाथ लाहिरी आणि रोशनसिंह यांना १७ व १९ डिसेंबर १९२७ रोजी फाशी देण्यात आले. ज्या राजसत्तेविरुद्ध ते उभे राहिले, तिचे कायदे करण्यात प्रजेचा हात नव्हता आणि ती सत्ता बदलण्याचा सनदशीर मार्गही प्रजेला मोकळा नव्हता. देशाने त्यांना हुतात्मे मानले ते म्हणूनच. तथापि काकोरीच्या त्या गोंधळात गोळी लागून एका निरपराध उतारूचा अंत झाला, हेही विसरता येत नाही. कायदेभंगाची किंमत कायदा मोडणाऱ्यानेच द्यावी, दुसऱ्याने नव्हे, ही पहिली कसोटी येथे दिसते.

या फाशीनंतर अवघ्या सहा दिवसांनी, २५ डिसेंबरला, कुलाबा जिल्ह्यातील महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य जमले. सार्वजनिक पाणवठे त्यांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये केला होता आणि महाड नगरपालिकेने तो १९२४ मध्ये स्वीकारला होता. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा त्यांनी कोणताच कायदा मोडला नव्हता. मोडली होती ती रूढी. कायदा हाती घेतला, तो त्यांच्यावर लाठ्या चालविणाऱ्यांनी. पुढे नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला आणि डिसेंबरात दिवाणी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

परिषदेने २५ तारखेच्या रात्री मनुस्मृतीचे दहन केले. जमलेल्यांचे मन सत्याग्रहाला उत्सुक होते. परंतु आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करण्यास त्यांना राजी केले. मिरवणूक तळ्याभोवती फिरली. पाण्याला कोणी हात लावला नाही.

एका कायद्याला अग्नी आणि दुसऱ्याला मान, ही विसंगती नव्हे काय? वस्तुतः येथेच विवेक आहे. मनुस्मृतीच्या निवाड्यावर अस्पृश्याला दाद मागता येत नव्हती. न्यायालयाच्या हुकमावर ती मागता येत होती. ज्या कायद्याने दाराला आतून कडी घातली आहे, तो आणि ज्याचे दार ठोठावता येते तो, यांना एकच न्याय लावता येणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना आंबेडकरांनी हेच सूत्र पुढे नेले: सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंगाला समर्थन उरत नाही.

मात्र या संयमाचे मोल स्वस्त नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी. मधली नऊ वर्षे तळे तेथेच होते आणि तहानही. म्हणून ‘कायदा पाळा’ हा उपदेश केवळ नागरिकाला करून भागत नाही. दार उघडे आहे असे सांगावयाचे आणि ठोठावणाऱ्याला वर्षानुवर्षे उंबरठ्यावर ताटकळत ठेवावयाचे, हा बंद दाराचाच एक प्रकार होय. नागरिकाने कायदा मोडण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा, हे खरे. पण अर्ज फायलीत दडपून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याने आणि तारखेमागून तारीख देणाऱ्या न्यायासनानेही तो करावयास हवा. महाडला जमलेल्यांनी आपला शब्द पाळला होता. कायद्याने आपला शब्द वेळेवर पाळला, तर त्याला धाकाची गरज फारशी पडणार नाही.