कोळंबीच्या गालातील परजीवी

कोपर्निकस मार्ग ज्याच्या नावाचा आहे, त्या ज्योतिर्विदाने दृश्य रूपापलीकडे पाहावयास शिकविले. कोळंबीच्या गालावरील फुगवटाही तेच शिकवितो. त्यातील चपट्या जीवास फ्रान्सचे कोळी माशाचे पिल्लू समजत. वस्तुतः ती बोपायरिड कुळातील परजीवी मादी होय. कल्ल्यांच्या पोकळीत राहून ती कोळंबीचे रक्त शोषते; पुष्कळदा कोळंबी वंध्य होते. मादी वाकडी, अंड्यांनी फुगलेली. तिला बिलगलेला नर इवलासा, पण सरळ व खंडयुक्त. मादीच्या रूपावरून गण ओळखणे अवघड. डिंभ मात्र त्याची साक्ष देतो. तो प्रथम कोपेपॉडवर वाढतो, मग कोळंबी गाठतो, आणि त्याची घडण आयसोपॉडाचीच असते. भारतीय कोळंब्यांवरील या परजीवींचे विस्तृत वर्णन चोप्रा यांनी १९२३ मध्ये केले. वर्गीकरणास प्रौढ रूप पुरत नाही. संपूर्ण जीवनक्रमच पाहावा लागतो.