जागा आहे, पण फाइल मावत नाही!

आजचा भाग एका पेनड्राइव्हचा आणि माझ्या घाईचा.

जानेवारीत आमच्या सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. गुडघ्यांमुळे आज्जीला आता संमती कट्ट्यापर्यंत जाता येत नाही. म्हणून अक्षता सोहळा आणि सातही नंदीध्वज मी मोबाइलवर शूट केले आणि क्लिप जोडून 5.3 जीबीची एक फाइल केली. घरच्या टीव्हीवर लावायची होती. 32 जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये 20 जीबी जागा मोकळी. तरी कॉम्प्युटर म्हणतो, फाइल फार मोठी आहे!

कारण असं, की ड्राइव्ह फॅट32 होता. ही पद्धत 1996 ची. तिच्यात फाइलचा आकार नोंदवायला 32 बिटचाच रकाना आहे. फॉर्मवर पिनकोडला सहाच चौकोन असतात, सातवा आकडा लिहिणार कुठे? तसंच. म्हणून एका फाइलची कमाल मर्यादा 4,29,49,67,295 बाइट, म्हणजे 4 जीबीला एक बाइट कमी. मग ड्राइव्ह 32 जीबीचा असो की 128 चा.

हे मला माहीत होतं. बीटेक केलंय ना! लगेच एक्सफॅटमध्ये फॉरमॅट मारला. 2006 च्या या पद्धतीत ती अडचण नाही. फाइल बसली. पण टीव्हीला ड्राइव्हच दिसेना. जुना टीव्ही, त्याला एक्सफॅट वाचताच येत नाही.

तेवढ्यात आज्जी म्हणाली, "ह्यांचा आवाज होता न्हवं त्यात?"

आजोबांची 14 रेकॉर्डिंग. दुसरी कॉपी कुठेच नाही. क्विक फॉरमॅटमध्ये डेटा लगेच पुसला जात नाही, कुठे काय ठेवलंय याची यादी तेवढी जाते. पण त्यावर मी 5.3 जीबी लिहून बसलो होतो. रिकव्हरी सॉफ्टवेअरने फक्त 3 परत मिळाली.

यात्रेच्या व्हिडिओचे शेवटी दोन तुकडे केले, दोन्ही 4 जीबीच्या आत, दुसऱ्या फॅट32 ड्राइव्हवर. हे आधीच करता आलं असतं, काहीही न पुसता. नंदीध्वज दिसल्यावर आज्जीनं हात जोडले. मग म्हणाली, "आता ती तीन लाव."

तेव्हा मंडळी, फॉरमॅटच्या बटणाआधी तीन गोष्टी बघा. सगळ्यात मोठी फाइल केवढी? ड्राइव्ह कुठे लावणार? आणि आत जे आहे, त्याची दुसरी कॉपी आहे का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर हात मागे घ्या.

भेटू पुढच्या भागात!