घरातील औषधांची अखेर
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात बेसा येथे दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावर आताच गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, त्याच व्यासपीठावर कचऱ्याविषयी बोलावयास उभे राहणे आम्हांस काहीसे अवघड वाटत आहे. चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'घरातील औषधे' एवढेच कळविले होते. त्यावरून त्यांस आजीबाईच्या बटव्यावर व्याख्यान होणार असे वाटले असावे. परंतु आम्हांस सांगावयाचे आहे ते पोटात गेलेल्या औषधाविषयी नव्हे, तर न घेतलेल्या व कपाटात उरलेल्या औषधाविषयी.

आमच्या मातोश्री निवर्तल्या त्यास आता तीन वर्षे होतील. तेरावे आटोपल्यावर त्यांचे कपाट आवरावयास काढले. लुगडी सुनांनी व लेकींनी आठवण म्हणून वाटून घेतली, पोथ्या देवघरात गेल्या, आणि बिस्किटांच्या एका जुन्या डब्यातून गोळ्यांची २७ पाकिटे निघाली. काही मधुमेहाची, काही रक्तदाबाची, काही रक्त पातळ ठेवण्याची. डॉक्टर बदलले की गोळी बदले, आणि जुनी गोळी 'असू द्या, लागेल कधी' म्हणून डब्यात जाई. त्या डब्याकडे पाहवेना. आम्ही तो तसाच एका पिशवीत उपडा केला आणि पिशवी फाटकाबाहेर ठेवली.

कचरागाडी येण्यापूर्वी आमच्या लेआउटमध्ये एक बाई प्लास्टिक व पुठ्ठे वेचावयास येते. त्या दिवशी तिने फाटकाची कडी वाजविली. हातात तीच पाकिटे होती. म्हणाली, "काकाजी, ह्या गोया कायच्या व्हय जी? गुडघ्याच्या असन तं माह्या सासूले कामी येईन."

मंडळी, तिने विचारले म्हणून बरे. तिच्या हातात होत्या त्या साखर उतरविणाऱ्या गोळ्या. मधुमेह नसलेल्या, उपाशीपोटी असलेल्या वृद्ध स्त्रीने त्या घेतल्या असत्या, तर रक्तातील साखर एकाएकी उतरून ती बेशुद्ध पडली असती, कदाचित पुन्हा उठलीही नसती. आम्ही पाकिटे परत घेतली व सासूला मेडिकलमध्ये दाखविण्यास सांगितले. (नागपुरात मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, हे परगावाहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगितले पाहिजे.) ती गेली, पाकिटे आमच्या हातात राहिली. आता यांचे करावयाचे काय, हा प्रश्न आयुष्यात प्रथमच आमच्यापुढे उभा राहिला.

आम्ही एका औषधाच्या दुकानी गेलो. दुकानदार सज्जन होता. त्याने सांगितले, "आमच्या कपाटात मुदत संपलेला माल आम्ही ठोक व्यापाऱ्याकडे पाठवितो, तो कंपनीकडे परत जातो, आम्हांस त्याचा मोबदला मिळतो. तुमचा माल मात्र घेता येत नाही." या उत्तरावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. औषध ज्या वाटेने आले त्या वाटेने परत जाण्याची सोय आजही आहे. केवळ ती दुकानाच्या उंबरठ्याशी संपते. पैसे मोजून गोळी आपल्या पिशवीत पडली की तिला कोणी धनी उरत नाही. दहा गोळ्यांचे पाकीट फोडून चार देण्यास पुष्कळ दुकाने नाखूष असतात. उरलेल्या सहा गोळ्यांची जबाबदारी मात्र सर्वस्वी आपली.

रुग्णालयांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी १९९८ साली व पुन्हा २०१६ साली नियम झाले. त्यांची टाकाऊ औषधे पिवळ्या पिशवीत घालून बंद भट्टीत जाळावी लागतात. घरांसाठी २०१६ च्या घनकचरा नियमांनी मुदतबाह्य औषधे, सुया, विजेऱ्या, नळीचे दिवे व पाऱ्याचे थर्मामीटर यांस 'घरगुती घातक कचरा' हे नाव दिले आणि दर वीस चौरस किलोमीटरला त्याचे एक संकलन केंद्र असावे असे सांगितले. २०२६ च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग आहेत; औषधे चौथ्यात येतात. कायदा झाला, परंतु तुमच्यापैकी किती जणांनी असे केंद्र डोळ्यांनी पाहिले आहे? ज्या शहरात १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधनसंस्था, म्हणजे आजची नीरी, उभी आहे, त्याच्याच वेशीवर आपण राहतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा प्रश्न अधिकच बोचतो.

कोणी म्हणेल, चार गोळ्यांनी असे काय होणार? विदर्भातील वडीलधाऱ्यांस गावाबाहेरच्या ढोरफोडीवर उतरणारे गिधाडांचे थवे आठवत असतील. ते कोठे गेले? गाईबैलांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक नावाचे औषध दिले जाई. जनावर मेले तरी औषध मांसात शिल्लक राही, आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. कारण २००४ साली उघड झाले आणि २००६ साली आपल्या सरकारने जनावरांसाठी त्याचे उत्पादन थांबविले, तोवर थवे नाहीसे झाले होते. आजारी संपला म्हणून औषधाचा गुण संपत नाही. तसेच मोरीत ओतलेले अँटिबायोटिक नाल्याने पोहरा नदीस मिळाले, तरी ते जंतूंशी झुंजतच राहते, आणि त्या झुंजीतून न मरणारे जंतू तयार होतात.

इतर देशांनी काय केले? फ्रान्समध्ये १९९३ पासून उरलेली औषधे दुकानात परत करता येतात व त्याचा खर्च औषध कंपन्या सोसतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्याने २०१२ साली असाच कायदा केला. कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडल्या. २०१५ साली त्या न्यायालयाने त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यास नकार दिला आणि परगण्याचा कायदा टिकला. इतके दूर जावयास नको. केरळाने २०२५ साली कोझिकोड येथून घरोघरची औषधे गोळा करण्यास आरंभ केला. विजेरी बनविणाऱ्याने वापरलेली विजेरी परत घेतली पाहिजे, असा नियम आपल्या देशात २०२२ पासून आहे. मग गोळी बनविणाऱ्यास ही सूट कशासाठी? जो नफा घेतो त्यानेच वस्तूच्या अखेरीचा भार उचलावा, हा न्याय आपल्या आजोबांनाही पटला असता.

परंतु कंपन्या वठणीवर येईपर्यंत हातावर हात ठेवून बसता येणार नाही. औषधे मोरीत वा शौचकुपात टाकू नयेत. याला अपवाद आहे: केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने २०२५ साली १७ औषधांची यादी दिली, ती दुसऱ्याच्या हाती पडली तर एका मात्रेनेही जीव जाऊ शकतो, म्हणून तेवढीच पाण्यात सोडावीत. ती बहुतेक तीव्र वेदनाशामके असून सामान्य घरात क्वचितच असतात. अंगणात जाळू नयेत. साध्या जाळाने विष जळत नाही, धूर मात्र मुलांच्या छातीत जातो. गोळ्या पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात वा मातीत कालवाव्यात, पिशवी घट्ट बांधून निराळी ठेवावी आणि काय आहे ते सांगून कचरागाडीवाल्याच्या हाती द्यावी. इन्शुलिनच्या सुया जाड डब्यात झाकण लावून. एवढे केले की ती कोणाच्या सासूच्या गुडघ्यापर्यंत पोहोचणार नाही.

आणखी एक गोष्ट बोलतो, ती काहींस कडू लागेल. 'आमच्या वन्संना ही गोळी चांगली लागू पडली, तुम्हीही घ्या', असे म्हणून उरलेली पाकिटे नात्यात फिरविण्याची आपल्याकडे रीत आहे. ही माया नव्हे. उरलेले औषध चांगल्या स्थितीत असले तरी ते डॉक्टरच्याच हाती सोपवावे. आणि घाण उचलणे हे दुसऱ्या कोणत्या तरी जातीचे काम, ही जी समजूत आपल्या रक्तात भिनली आहे, तिचा उच्चार ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर नाही करावयाचा तर कोठे करावयाचा? याच विदर्भात जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनापूर्वी गाव झाडीत. त्यांच्या तसबिरीस हार घालणे आपणांस जमते. फाटकाबाहेरच्या पिशवीत काय आहे हे पाहणे जमत नाही. आम्हांसही जमले नव्हते.

कार्यकारिणीच्या संमतीने आम्ही एक अर्ज तयार केला आहे. बेसा-पिपळा नगरपंचायतीने महिन्यातून एक दिवस औषधे, सुया व विजेऱ्या वेगळ्या गोळा कराव्यात, अशी विनंती त्यात आहे. दुसरी प्रत जिल्ह्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेस जाईल. औषधे परत घेण्याचे काम राज्याच्या औषध विभागाने व अशा संघटनांनी हाती घ्यावे, असे २०२५ च्या त्याच मार्गदर्शिकेत सुचविले आहे. अर्ज भोजनगृहाच्या दाराशी टेबलावर ठेवला आहे. त्यावर घरातील कर्त्या पुरुषाचीच नव्हे, तर औषधांचा डबा ज्यांच्या ताब्यात असतो त्या गृहिणीचीही सही हवी, म्हणून प्रत्येक कुटुंबास दोन ओळी सोडल्या आहेत. पेन दोरीने बांधले आहे. ते कृपया तेथेच राहू द्यावे.