मनातून निघालेला प्रत्यय

अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेल गावात मराठी घरांतली मुलं शाळेत स्पॅनिश शिकतात, तेव्हा ‘मेंते’ हा प्रत्यय त्यांना लवकरच भेटतो. ‘क्लारो’ म्हणजे स्पष्ट, ‘क्लारामेंते’ म्हणजे स्पष्टपणे. हा प्रत्यय मुळात एक स्वतंत्र शब्द होता. लॅटिनमध्ये ‘मेन्स’ म्हणजे मन, ‘मेंते’ म्हणजे मनाने. ‘क्लारा मेंते’, स्वच्छ मनाने! मन हा शब्द लॅटिनमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून स्पॅनिशमध्ये आजही आधीचं विशेषण स्त्रीलिंगी रूप घेतं. ‘क्लारो’चं ‘क्लारा’ होतं ते त्यामुळेच. मला ही खूण फार मोलाची वाटते. व्याकरणाच्या पुस्तकात ती नुसता नियम म्हणून येते.



आपल्याकडेही अर्थपूर्ण शब्दांचे असे प्रत्यय झाले आहेत. दुकानदार, हवालदार यांतला ‘दार’ फारसीतला, धारण करणारा. बॉथेलमधल्या आईबाबांनी मुलांना हे जरूर सांगावं. आणि ‘मेंते’ मुळात वेगळा शब्द होता याची आणखी एक खूण: ‘सावकाश व स्पष्टपणे’ म्हणताना स्पॅनिश माणूस ‘लेंता इ क्लारामेंते’ म्हणतो. ‘मेंते’ एकदाच, शेवटच्या शब्दाला.