आमचे आजोबा, गँगचे मुकादम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



यंदा प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका गेलेल्या माणसाविषयी बोलावे असे मंडळाने ठरविले, तेव्हा मला फारसा विचार करावा लागला नाही. आमच्या आजोबांचे नुसते नाव काढले तरी तळवड्यातली जुनी माणसे अजून हसू लागतात. ते गमत्या होते हे सर्वांनाच ठाऊक आहे. पण ती गंमत त्यांना कशासाठी लागत असे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. मलाही ते आजीकडून कळले, आणि तेही आजोबा गेल्यानंतर.

आजोबा रेल्वेत लागले तेव्हा ती जी. आय. पी. रेल्वे होती. खंडाळा ते पुणे ही तिची लाइन 14 जून 1858 रोजी सुरू झाली होती. पुढे 5 नोव्हेंबर 1951 रोजी जी. आय. पी. जाऊन मध्य रेल्वे आली. आजोबा म्हणत, "मी जागचा हललो नाही, मालक तेवढा बदलला." त्या काळी तळवडे म्हणजे इंद्रायणीकाठचे शेतीचे गाव. महानगरपालिकेत आपण 1997 साली गेलो, हे आयटी पार्क वगैरे सगळे अलीकडचे. आजोबा पहाटे उठून, फडक्यात भाकरी बांधून, बांधाबांधाने देहू रोड स्टेशन गाठीत.

प्रथम ते गँगमन होते, मग चावीवाले झाले. चावीवाल्याचे काम आपल्यापैकी अनेकींनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल, पण लक्ष दिले नसेल. रूळ ज्या स्लीपरांवर बसतो, त्यांत तो लोखंडी पाचरीने आवळलेला असे, तीच चावी. गाड्यांच्या हादऱ्याने ती सैल होते. चावीवाला खांद्यावर हातोडा, हातात पाना आणि काखेत लाल-हिरवे बावटे घेऊन आपला ठरलेला टापू रोज चालतो. जाताना एक रूळ बघायचा, येताना दुसरा. चावी घट्ट असेल तर हातोड्याखाली टणकन वाजते, सैल असेल तर बद्द. त्या सवयीने आजोबा घरातल्या हंड्याकळशांवरही टिचक्या मारून बघत आणि आजीला सांगत, "याची चावी सैल झालीय." आजी म्हणे, "माझी नाही झाली एवढं बघा."

मुलांचे तर ते खेळणेच होते. विजेवर चालणाऱ्या जुन्या मालगाडीच्या इंजिनाला रेल्वेतली माणसे 'खेकडा' म्हणत. ते उभे असताना कण्हल्यासारखा आवाज करी. आजोबा जेवून भिंतीला टेकले की तसेच कण्हत, आणि आम्ही नातवंडे त्यांना ढकलून 'गाडी सोडीत' असू. पॅसेंजरमध्ये बसलो की शेजारच्या अनोळखी बाबाचे घड्याळ मागून घेत आणि आम्हाला चाकांचे ठोके मोजायला लावीत. तेव्हाचा रूळ 42 फुटांचा. सांध्यावरून चाक गेले की 'खट्' होते. 28-29 सेकंदांत जितके खट् तितके मैल ताशी गाडीचा वेग! हे गणित अगदी बरोबर आहे, मी पुढे शाळेत करून पाहिले. आता रूळ जोडून लांबच लांब केलेले आहेत, त्यामुळे माझ्या नातवाला मोजायला ठोकेच मिळत नाहीत.

हे सगळे हसण्यासारखे. परंतु एक गोष्ट घरात कोणी फारशी बोलत नसे. ती म्हणजे या हौसेची झळ आजीला लागे. आजोबा कामावरून कधी एकटे येत नसत. वाटेत कोण वारकरी भेटला, कोणा गँगमनची गाडी चुकली, की त्याला घेऊन घरी. आजी दिवस मावळता पुन्हा परातीत पीठ घेई. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी तिला नाव घ्यायचा आग्रह केला. तिने घेतले ते असे, मधले नाव मी गाळते : "हिरवा बावटा, लाल बावटा, खांद्यावर पहार, अमुकराव एकटे निघाले, आणले पाहुणे चार." आजोबा ओटीवर बसून ऐकत होते. त्यांनी उठून सर्वांसमक्ष कान पकडले, आणि त्याच आठवड्यात पाच आणले.

येथे थोडे विषयांतर करते. बोरघाटाचा लोहमार्ग म्हणजे सुमारे 15 मैलांत 1,800 फुटांची चढण. त्याचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज कंत्राटदाराने घेतला, आणि 1859 साली काम सुरू होते न होते तोच तो वारला. ते काम पुढे त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, अंगावर घेतले, जाणते इंजिनियर नेमले, आणि 1863 साली घाट खुला झाला. हजारो मजूर त्या घाटात राबले, कित्येक दगावले, त्यांत बायकाही होत्या. घाटातून जाताना ॲलिसबाईंचे आणि त्यांचे स्मरण करावे. आजोबांना हे ठाऊक असते तर आजीला 'कंत्राटदारीण' म्हणून चिडविल्यावाचून ते राहिले नसते.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आजोबा पुढे गँगचे मुकादम झाले. रूळ एका यार्डाला 90 पौंडांचा, म्हणजे 42 फुटी रुळाचे वजन साडेपाचशे किलोंच्या वर. गाड्या धावून धावून लाइन एका अंगाला सरकली की ती ओळीत आणायची. त्यासाठी दहा-बारा माणसे रुळाखाली पहारी घालून एकाच क्षणी जोर करतात. एकाने आधी जोर केला तर लाइन हलत नाही, आणि पहार सटकली तर ती शेजाऱ्याच्या नडगीवर बसते किंवा पाय चेपते. म्हणून एकाने हाळी द्यायची आणि बाकीच्यांनी 'हैशा' म्हणत रेटायचे. हाळी आजोबा देत. "साहेबाची टोपी", हैशा! "वाऱ्यानं उडाली", हैशा! "मुकादमाची बायको", हैशा! "भाकरी देईना", हैशा! रोज नवी जुळवावी लागे. आजोबांचे म्हणणे असे की जुनी हाळी माणूस कानाने ऐकतो पण मनाने ऐकत नाही. नवी असली की पुढे काय येते म्हणून बाराही जणांचा श्वास एकदम थांबतो, आणि एकदम सुटतो. घरी येऊन ते जे विनोद करीत, ते बहुधा दुसऱ्या दिवशीच्या हाळीची तालीम असे.

एका पावसाळ्यात, दाट धुके असताना, त्यांच्या गँगमधला एक माणूस गेला. एका लाइनीवरून गाडी आली म्हणून सगळे बाजूला झाले, आणि तो दुसऱ्या लाइनीवर उभा राहिला. पहिल्या गाडीच्या धडधडाटात मागून आलेल्या दुसऱ्या गाडीचा आवाज कोणालाच आला नाही. दुहेरी लाइनीवर काम करणाऱ्यांना हा धोका नेहमीच असतो. दोष कोणाला द्यावा असे त्यात काही नव्हते. पण आजोबा गप्प झाले. घरी गप्प, कामावर गप्प. हाळी द्यायला दुसऱ्या एकाला सांगितले. आजी म्हणे, घरात एवढी शांतता की मलाच करमेना. मीच म्हटले, कोणाला तरी जेवायला आणा.

काही महिन्यांनी त्या गेलेल्या माणसाचा मुलगा बापाच्या जागी गँगमध्ये लागला. मिसरूडही न फुटलेले पोर. त्याची आई एका संध्याकाळी चालत आमच्या घरी आली. आजीने तिला पाट दिला, पण ती बसली नाही. उंबऱ्याशीच उभी राहून म्हणाली, "मुकादम, पोरगं सांगतं तुम्ही हाळी देत न्हाई. त्याची पहार काल चुकली. त्याच्या बापाला तुमच्या हाळीवर हात टाकायची सवय व्हती. पोराला कुनी शिकवायचं?"

आजोबा काही बोलले नाहीत. आजी सांगे, त्या रात्री बराच वेळ ते अंथरुणात पडल्यापडल्या ओठ हलवीत होते. तिला वाटले, नामस्मरण चालले आहे. मग अंधारात हळूच 'हैशा' ऐकू आले.

ते पोर पुढे शिकले, निभावले, आणि स्वतः मुकादम झाले. गँगमनला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, यंत्रेही पुष्कळ आली आहेत, आणि त्या कामावर आता स्त्रियाही आहेत.

आजोबा निवृत्त झाल्यावर पासावर आजीला पंढरपूरला घेऊन गेले. कुर्डुवाडीहून पुढे तेव्हा अडीच फुटी छोटी गाडी होती, तीत बसून आजोबांनी इतक्या नकला केल्या की आजी म्हणे विठोबासमोर हात जोडतानाही मला हसू येत होते. तिचा तो एवढाच एक मोठा प्रवास. मला वाटते, त्यांनी तिचे देणे पुरते फेडले नाही. पण फेडायचे आहे हे त्यांना कळत होते.

शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवले होते, "मला उचलताना हाळी द्या, नाहीतर खांदा चुकेल." ते वारले त्या दिवशी देहू रोडकडून जुन्या-नव्या गँगची वीसेक माणसे चालत आली. तिरडी उचलायची वेळ झाली. कोणी तोंड उघडेना. मग त्या मुलाने, तो तेव्हा चाळिशीचा गृहस्थ होता, मान खाली घालून हलक्या आवाजात हाळी दिली, आणि सगळ्यांनी तितक्याच हलक्या आवाजात 'हैशा' म्हणून त्यांना उचलले. आम्हा बायकांना रडावे की काय करावे ते सुचेना. आजी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. अंगणातली गर्दी बघून ती म्हणाली, "जाताना बी वीस पाहुणे आणले."

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. त्या वीस जणांचे पिठले-भाकरी शेजारच्या तीन घरांतून आले. त्यांपैकी दोन घरांच्या सुना आज पुढच्या रांगेत बसल्या आहेत.