गर्भातील मेंदूचे दर्शन
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



मराठीच्या अध्यापकाने वैद्यकावर बोलणे हा अधिकाराचा अतिक्रम आहे, हे मी जाणतो. परंतु काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या सोनोग्राफीत गर्भाच्या मेंदूतील पोकळ्या किंचित मोठ्या दिसल्या आणि तिला एमआरआय करून घेण्यास सांगण्यात आले. "मामा, म्हणजे काय हो?" या तिच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आपल्या कपाटांतही ते सापडले नाही. आजचे भाषण हे ते उशिराचे उत्तर होय.

अभिमन्यूने गर्भात चक्रव्यूहाचा भेद ऐकला, ही कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. गर्भातील मेंदू प्रत्यक्ष पाहणे मात्र अलीकडेच साधले. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्र व रेडिओलहरी यांच्या योगाने शरीरातील, मुख्यत्वे पाण्यातील, हायड्रोजनकडून संकेत मिळतात आणि त्यांतून चित्र घडते. गर्भाच्या अशा चित्रणाचे पहिले वृत्त १९८३ साली प्रसिद्ध झाले. पण गर्भ स्थिर थोडाच राहतो! त्याच्या हालचालीने चित्र पुसट होई. १९९०च्या दशकात सेकंदाच्या आसपास एकेक छेद टिपणाऱ्या पद्धती आल्या आणि ही अडचण पुष्कळशी दूर झाली.

विसाव्या आठवड्याच्या सुमारास मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. पुढे त्यावर खाचा उमटतात, वळ्या पडतात. जन्मकाळी त्याची घडण प्रौढ मेंदूची आठवण करून देते. या खाचांचा क्रम साधारणपणे ठरलेला असतो. तो चुकला की वैद्य सावध होतो.

ब्रिटनमधील 'मेरिडियन' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. सोनोग्राफीत मेंदूच्या दोषाची शंका आलेल्या ५७० गर्भांपैकी सोनोग्राफीचे निदान ६८ टक्के, तर एमआरआयचे ९३ टक्के प्रसंगी अचूक ठरले. म्हणजे यंत्रापुढेही शंभरात सात जागा चुकीला उरतातच. शिवाय निदान अचूक असले, तरी ते बाळ पुढे कसे बोलेल, कसे शिकेल, हे चित्र नेहमीच सांगू शकत नाही. तेथे वैद्याच्या शब्दांना तोलूनमापून यावे लागते आणि आईला ते समजावे लागतात.

माझ्या भाचीच्या तपासणीत अन्य दोष आढळला नाही. तिची कन्या आज शाळेत जाते. सर्वांनाच असे सुख लाभत नाही. परंतु त्या आठ दिवसांच्या घोर काळजीत तिला हे सारे मायबोलीत वाचावयास मिळाले असते, तर! ग्रंथालयाच्या दुसऱ्या शतकाकडे माझे मागणे एवढेच: कथा-कादंबऱ्यांशेजारी अशा पुस्तकांसाठी एक कपाट राखावे.