जाड भिंतींच्या घरातले वाय-फाय

(मंडळाच्या गणेशोत्सवात एस्प्लनेड येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवातले व्याख्यान म्हटले की संतवाङ्मय, इतिहास, नाहीतर मधुमेह असे विषय ठरलेले असतात. माझा विषय घरातल्या वाय-फायचा आहे. मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. तेव्हापासून मंडळातल्या अनेक घरी चहाला जातो आणि चहा येईपर्यंत राउटर कुठे ठेवलाय ते बघतो. चिटणीसांनी आग्रह केला की घरोघरी सांगता तेच एकदा सगळ्यांना सांगा. म्हणून उभा आहे.

हा विषय एस्प्लनेडला बोलायला एक कारणही आहे. इथून चालत जाण्याच्या अंतरावर टाऊन हॉल आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली तिथे बिनतारी लहरींचे जाहीर प्रात्यक्षिक केले. त्यांच्या चरित्रात लिहिले आहे की लहरी व्याख्यानाच्या खोलीतून निघाल्या, भिंती ओलांडून सुमारे ७५ फुटांवरच्या खोलीत पोचल्या, तिथली घंटा वाजली आणि दारूचा बार उडाला. अध्यक्षस्थानी लेफ्टनंट गव्हर्नर होते आणि लहरी त्यांच्या देहातूनही पलीकडे गेल्या, असाही उल्लेख आहे. पुढे बोस यांनी अवघ्या ५ मिलिमीटर लांबीच्या लहरींपर्यंत काम नेले. १८९४ ते १८९६ मधल्या या प्रयोगांचा आयईईई या जागतिक अभियंता संस्थेने २०१२ साली ऐतिहासिक टप्पा म्हणून गौरव केला. आणखी पुढे या. ३१ जुलै १९९५ रोजी भारतातला पहिला मोबाइल कॉल रायटर्स बिल्डिंगमधून झाला. मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. अशा या शहरात आपल्या मागच्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकावा, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. पण कारण साधे आहे. ते कारण म्हणजे आपल्या भिंती.

आम्ही लेनिन सरणीच्या मागच्या गल्लीत जुन्या इमारतीत भाड्याने राहतो. मधली भिंत मी मोजली, ती २० इंच भरली. छत कडी-बरग्याचे, म्हणजे लोखंडी तुळया आणि त्यावर विटा-चुना. उन्हाळ्यात घर थंड राहते ते या भिंतींमुळे, आणि लहरी अडतात त्याही यांच्यामुळेच. कंपनीचा माणूस फायबर घेऊन येतो, दाराजवळ भोक पाडतो आणि राउटर तिथेच बुटांच्या कपाटावर ठेवून जातो. आमच्या घरी शेवटच्या खोलीत आई असते. वय ८४. हृदयाचा त्रास आहे आणि तिचे जुने डॉक्टर पुण्याला आहेत. महिन्यातून एकदा व्हिडिओवर तपासणी होते. डॉक्टर पाय दाखवा म्हणत, सूज किती आहे ते बघायला, आणि नेमके तेव्हा चित्र गोठायचे. सूनबाई पुण्याच्या कंपनीचे काम घरून करते, तिचीही तीच गत. शेवटी मुलाने न्यू टाउनला फ्लॅट बघायला सुरुवात केली. आई म्हणाली, "मला इथून हलवू नका रे. खाली औषधवाला आहे, समोर घोषबाबू आहेत, तिकडे मला कोण ओळखतंय?" म्हणजे प्रश्न वाय-फायचा होता, पण निर्णय घर सोडण्याचा होऊन बसला होता.

आता थोडे शास्त्र सांगतो, कंटाळू नका. लहरींची ताकद डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल कमी झाले की ताकद निम्मी, १० कमी झाले की दहावा हिस्सा. मोबाइलवर एखादे फुकट मिळणारे वाय-फाय मोजण्याचे अ‍ॅप घ्या. त्यात उणे आकडे दिसतात. राउटरजवळ उणे ४० च्या आसपास दिसेल. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे ६७ पर्यंत आकडा हवा. उणे ८० च्या खाली गेलात की बोलणे तुटणार. आमच्याकडे दिवाणखान्यात उणे ४५, जेवणाच्या खोलीत उणे ६१ आणि आईच्या पलंगाशी उणे ८२ होते. आकडा कळला की वाद मिटतो. 'नेट स्लो आहे' म्हणून कंपनीला महागडा प्लॅन मागण्यात अर्थ नव्हता. दारापर्यंत भरपूर वेग येत होता, तो आत पोचत नव्हता.

राउटरकडे साधारणपणे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंत त्यातल्या त्यात बरी ओलांडतो, पण तो गजबजलेला असतो. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्यात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान आणि मोकळा, पण जाड विटांपुढे लवकर दमतो. लोखंडी कपाट, मोठा आरसा, माशांची काचपेटी हेही अडसरच.

बाजारात यावर रिपीटर मिळतो. तो भिंतीच्या प्लगमध्ये बसतो आणि हवेतून आलेला सिग्नल पुन्हा हवेत सोडतो. स्वस्तातला रिपीटर एकाच वाहिनीवर ऐकतो आणि त्याच वाहिनीवर बोलतो, म्हणून वेग जवळपास निम्म्यावर येतो. शिवाय ज्या खोलीत सिग्नल नाही तिथेच तो लावला, तर तो मुळात नसलेलेच पुढे सांगणार. पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये तो किंवा हल्लीचे मेश संच चालून जातात. २० इंची भिंतीपुढे मात्र वायरच कामाला येते.

तेव्हा उपाय असा, की ऑफिसात, हॉटेलात छताला गोल पांढरी थाळी लावलेली दिसते ना, तो अ‍ॅक्सेस पॉइंट घरात आणायचा. पुष्कळांना वाटते की तो जास्त 'पॉवरफुल' असतो. तसे नाही. २००५ साली केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला तो शक्तीची मर्यादा घालूनच, आणि २०१८ साली ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग खुला झाला तोही मर्यादेसह. ती मर्यादा सगळ्या यंत्रांना आहे. आणि राउटर कितीही ओरडला तरी मोबाइलचा बारीक आवाज त्याला ऐकू यायला हवा ना! व्यावसायिक यंत्राचा गुण म्हणजे त्याचे कान चांगले असतात, एकाच वेळी पुष्कळ उपकरणे तो शांतपणे सांभाळतो, आणि महिनोन्महिने बंद-चालू न करता चालतो. सर्वांत मोठा फायदा म्हणजे तो हवा त्या जागी नेता येतो, कारण त्याला एकच वायर लागते. कॅट-६ केबलमधूनच डेटा आणि वीज दोन्ही जातात. याला पीओई म्हणतात. केबल १०० मीटरपर्यंत चालते. जुन्या घरात छताजवळ प्लग कुठून आणणार? इथे त्याची गरजच नाही.

आमच्या घरी काय केले ते क्रमाने सांगतो. सामान चांदनीतून आणले: अ‍ॅक्सेस पॉइंट, पीओईचा इंजेक्टर, ३० मीटर शुद्ध तांब्याची केबल. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, ती वीज वाहून न्यायला घेऊ नका. घरमालकांची परवानगी घेतली. विजेच्या मिस्त्रीने जुन्या लाकडी पट्टीच्या कडेने केबल नेली, विजेच्या तारांपासून जरा अंतर ठेवून. भिंतीत नवे भोक पाडावे लागले नाही, दारावरच्या झरोक्यातून ती गेली. जेवणाची खोली आणि आईची खोली यांच्यामधल्या बोळात छताला यंत्र लावले, तोंड खाली. कारण लहरी छत्रीसारख्या खाली आणि बाजूंना पसरतात. ते कपाटावर उलटेपालटे ठेवले तर निम्मा उपयोग वाया जातो.

मग जोडणी. राउटर आणि अ‍ॅक्सेस पॉइंट दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, म्हणजे फिरताना मोबाइल आपोआप जवळच्याला धरतो. कधी धरायचे ते मोबाइल ठरवतो, म्हणून राउटरची शक्ती थोडी कमी केली, नाहीतर मोबाइल जुन्यालाच चिकटून बसतो. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. एकाला १, दुसऱ्याला ११ दिली आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. पत्ते वाटण्याचे काम राउटरकडेच ठेवले. ते दोघांनी केले तर गोंधळ होतो. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्या दिवशीच बदलला. राउटर आणि इंजेक्टर छोट्या यूपीएसवर टाकले, म्हणजे वीज गेली तरी कॉल चालू. केबल घराच्या आतच ठेवा. गच्चीवरून उघडी नेलीत तर कालबैशाखीच्या विजा तिच्यातून घरात येतील.

आईच्या पलंगाशी आता उणे ५२ आकडा दिसतो. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पायाची सूज नीट पाहिली आणि गोळी बदलली. सांगलीच्या मावशीशी रोज संध्याकाळी गप्पा होतात, त्या थांबवणे हाच आता आम्हाला प्रश्न आहे. न्यू टाउनचा फ्लॅट बघणे थांबले. पुढेमागे जायचे झाले तर जाऊ, पण वाय-फायपायी जाणार नाही.

सगळ्यांनी हे यंत्र घ्यावे असे माझे मुळीच म्हणणे नाही. दोन खोल्यांच्या घरात राउटर बुटांच्या कपाटावरून उचलून मध्यावर, डोक्याच्या उंचीवर ठेवला की निम्म्या तक्रारी संपतात, आणि त्याला खर्च शून्य. बहूबाजारच्या जुन्या इमारतींत ज्यांची दुकाने आणि घरे आहेत, ज्यांच्याकडे माळा, जिना, मागची खोली अशी लांबण आहे, त्यांनी मात्र वायरीचा विचार करावा. आधी मोजा, मग खरेदी करा. आणि घरातले सर्वांत वयस्कर माणूस ज्या खोलीत बसते, तिथला आकडा पहिला घ्या.

कुणाला मोजून हवे असेल तर आरतीनंतर मी इथेच आहे. चहा मात्र पाजावा लागेल.  गणपती बाप्पा मोरया!